सायकल कुणाच्या नावावर?

भाकरी थापत असाल, शेंगा फोडत असाल, शिलाई मशीनवर बसला असाल, तर हातातलं काम थांबवू नका. काम करता करताच ऐका. आम्ही वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतून बोलतोय. बचत गटांच्या बैठका घेणं, रजिस्टरं तपासणं, बँकेच्या खेपा घालणं हे आमचं रोजचं काम. आज मात्र कर्जाचं किंवा व्याजाचं बोलणार नाही. आज बोलायचंय सायकलीबद्दल.

तुम्ही म्हणाल, सायकलीबद्दल काय बोलायचं? दोन चाकं, एक चेन आणि घंटी. पण आमच्या एका बैठकीत जे घडलं ते आधी सांगतो, मग बघा.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बैठक चारची होती आणि चौघीजणी पावणेपाचला धापा टाकत आल्या. कारण सगळ्यांचं एकच, शेअर रिक्षा भरत नव्हती. नियमाप्रमाणे दंड लावायचा की नाही यावर चर्चा सुरू झाली. तेवढ्यात एकजण वैतागून म्हणाली, "सायकल असती ना, तर केव्हाच आले असते." सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण मग सहज विचारलं, "सायकल येते कुणाकुणाला?"

चौदाजणींपैकी नऊ हात वर आले.

"आता चालवतं कोण?" एकही हात नाही. "घरात सायकल आहे कुणाच्या?" सहा हात. "ती कुणाची?" कुणी म्हणालं मुलाची, कुणी नवऱ्याची, कुणी दिराची. म्हणजे सायकल येणाऱ्या नऊ, घरात सायकल असणाऱ्या सहा आणि सायकलवर बसणारी एकही नाही. आम्ही हा हिशोब त्या दिवशीच्या इतिवृत्तात लिहून ठेवला.

मग एकेकीने सांगायला सुरुवात केली. एक जव्हारकडची, एक जुन्नरची, एक गुहागरची. बहुतेक जणी भावाच्या किंवा वडिलांच्या मोठ्या सायकलवर शिकलेल्या. सीटवर पाय पुरायचे नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत. गुडघे फुटलेले, फ्रॉक चेनमध्ये अडकून फाटलेले. एकीला तर आठवीत स्वतःची सायकल मिळाली होती. ती म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हा माझी सायकल धाकट्या भावाला दिली. मला कुणी विचारलं नाही. मलाही तेव्हा काही वाटलं नाही. आज वाटतंय."

त्या रात्री आम्ही ठरवलं की ही सायकल बायकांच्या हातात आली कशी आणि निसटते कुठे, ते शोधून काढायचं. पुस्तकं चाळली, वर्तमानपत्रांतली कात्रणं वाचली, जाणत्या बायकांना विचारलं. त्यातून जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतोय.

सुरुवात सातासमुद्रापार झाली. आधीच्या सायकली फार उंच असत. पुढचं चाक जवळजवळ माणसाच्या खांद्याएवढं आणि मागचं एवढंसं. पडलं की थेट डोक्यावर. साडी सोडा, धोतर नेसूनही त्यावर चढता आलं नसतं. मग १८८५ मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली, मधे पायडल आणि मागच्या चाकाला चेन अशी सायकल बाजारात आणली. आज आपल्या दारात उभी असते ती जवळजवळ तीच. पुढे १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. हे गृहस्थ जनावरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून पाहिली होती.

सायकल बुटकी झाली, मऊ झाली आणि तिकडच्या बायका तिच्यावर बसू लागल्या. झालं, गोंधळ उडाला. घोळदार झगे चाकात अडकायचे, म्हणून काहीजणींनी सैल विजारी घातल्या. त्यावर टीका, टिंगल, व्यंगचित्रं. काही डॉक्टरांनी तर लिहिलं की सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा ताणलेला आणि ओढलेला होतो. गर्भपिशवीला धक्का लागतो, असंही सांगितलं जायचं. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपल्याकडेही सासूबाई, शेजारीण, कधी आपलीच आई हेच सांगते. सव्वाशे वर्षांपूर्वीची ती भीती अजून गल्लीबोळांतून फिरते आहे. तेव्हाही तिला आधार नव्हता, आजही नाही. गरोदर असाल, ऑपरेशन झालेलं असेल, अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारा. धडधाकट बाईला सायकलने अपाय होत नाही.

त्याच काळात, १८९४ मध्ये, अमेरिकेतल्या बॉस्टनहून ॲनी लंडनडेरी नावाची तीन मुलांची आई जगप्रवासाला निघाली. काही प्रवास जहाजाने आणि रेल्वेने केला, काही सायकलने, आणि १८९५ मध्ये ती परतली. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च शहरातल्या बायकांनी १८९२ मध्ये फक्त बायकांचं सायकल मंडळ काढलं. याच शहरात केट शेपर्ड राहायच्या. त्या स्वतः सायकल चालवायच्या आणि बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून गावोगाव सह्या गोळा करणाऱ्या चळवळीच्या पुढारी होत्या. जवळपास ३२ हजार बायकांच्या सह्या जमल्या. कागदाला कागद चिकटवून केलेली ती गुंडाळी सुमारे २७० मीटर लांब भरली. १८९३ मध्ये न्यूझीलंडच्या बायकांना मताचा हक्क मिळाला. देशपातळीवर असा हक्क देणारा तो जगातला पहिला देश.

नुसत्या सायकलीने मत मिळालं असं आम्ही म्हणत नाही. पण घराबाहेर एकटीने जाणं आणि सभेत उभं राहून बोलणं ही एकाच हिमतीची दोन कामं आहेत. आपल्याकडे बाहेर फिरणाऱ्या बाईला 'भटकभवानी' म्हणतात. पुरुष दिवसभर फिरला तरी त्याच्यासाठी तसा शब्द नाही. सावित्रीबाई १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला पायी निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि दगड पडले. शाळा तर चार भिंतींच्या आत होती. राग आधी रस्त्यावर निघाला, कारण बाई आधी रस्त्यावर दिसली.

आता आपल्याकडे येऊ. सायकली विलायतेहून बोटीने मुंबईत उतरायच्या. महाग असायच्या. साहेब, वकील, डॉक्टर, पैसेवाले यांच्याकडेच असायच्या. १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे जगाला फेरी मारून १९२८ मध्ये मुंबईत परतले. शहराने त्यांचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. त्या काळात आपल्या घरातल्या बाईने गल्लीच्या टोकापर्यंत सायकल नेली असती, तर तिचं काय झालं असतं, याचा विचार तुम्हीच करा.

महाराष्ट्रात सायकलींचं शहर म्हणून नाव झालं ते पुण्याचं. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस अडवायचे. या गर्दीत हळूहळू कॉलेजच्या मुली, शिक्षिका, नर्स दिसू लागल्या. बायकांसाठी वेगळी सायकल आली होती. तिला मधली आडवी दांडी नाही, चेनवर झाकण, मागच्या चाकाला जाळी. म्हणजे साडी नेसून चढता येईल आणि पदर अडकणार नाही. पुढे याच पुण्यात इरावती कर्वे स्कूटर चालवायच्या. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पडद्यावर १९५९ च्या 'अनाडी' सिनेमात नूतन मैत्रिणींच्या घोळक्यात सायकल चालवत गेली. नूतन म्हणजे आपली शोभना समर्थांची मुलगी. मुलींनी सायकल चालवणं आता सुंदर दिसू लागलं होतं. पण मुलींनीच, बरं का. त्या सिनेमात बाजाराची पिशवी आणि कडेवर पोर घेतलेली बाई सायकलवर नव्हती.

स्वातंत्र्यानंतर देशात सायकलचे मोठे कारखाने वाढले. मद्रासची टीआय १९४९ ची, सोनीपतची ॲटलास १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. सायकल साध्या घरात आली. आली आणि कुणाच्या हाती गेली? दुधाचे कॅन तिच्यावर, पाववाला तिच्यावर, पोस्टमन तिच्यावर, गिरणीत जाणारा तिच्यावर. आणि लग्नाच्या बोलणीत आणखी एक गोष्ट सुरू झाली. नवऱ्या मुलाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल. हुंडाबंदीचा कायदा १९६१ मध्ये आला, तरी या मागण्या थांबल्या नाहीत. आमच्या गटातल्या एक आजी सांगतात, "माझ्या वडिलांनी बैल विकून जावयाला सायकल घेतली. मी त्या सायकलच्या कॅरिअरवर बसून सासरी आले. हँडल काही मी आयुष्यात धरलं नाही."

मैत्रिणींनो, पैसे बापाचे, कारण मुलीचं, आणि सायकल जावयाची. आमच्या बैठकीतला तो सहा आणि शून्याचा हिशोब इथे जुळला.

हा हिशोब बदलता येतो का? एका ठिकाणी तो फार मोठ्या प्रमाणावर बदलला. ते ठिकाण तमिळनाडूत आहे, पुदुकोट्टई जिल्हा. कोरडवाहू आणि गरीब भाग. शेतमजुरी करणाऱ्या आणि दगडखाणीत राबणाऱ्या बायका. १९९१ मध्ये तिथे साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. अक्षरं शिकवायची तर बायकांनी गावोगाव जायला हवं, वर्गाला यायला हवं. बस कमी आणि अंतरं मोठी. तेव्हा त्यांनी अक्षरओळखीबरोबर सायकल शिकणंही मोहिमेत घातलं. शिकवणाऱ्या कार्यकर्त्या आधी शिकल्या, मग त्यांनी इतरांना शिकवलं. बायकांना सायकलसाठी बँकेचं कर्ज मिळेल अशी व्यवस्था केली. सुट्टीच्या दिवशी मैदानावर बायकांची झुंबड उडायची.

१९९२ च्या महिला दिनी पुदुकोट्टईत दीड हजार बायकांनी सायकलवरून फेरी काढली. पुढच्या काळात एक लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे जवळून पाहून लिहिलं. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. बायकांच्या सायकली पुरेशा मिळेनात, तेव्हा बऱ्याच जणींनी पुरुषांची सायकल घेतली आणि नंतर तीच बरी म्हणू लागल्या. का? तर मधल्या दांडीवर पोर बसवता येतं. ज्या दांडीमुळे बाईने सायकल चालवू नये म्हणायचे, तिच्यावरच त्यांनी पोराची बैठक केली.

तिथे टोमणे पडले नाहीत का? पडले, घाणेरडे पडले. पण एकटी जाते तेव्हा टोमणा लागतो. रस्त्याने रोज दोनशे बायका जायला लागल्या की टोमणे मारणारा किती वेळ मारणार? त्यालाही कामधंदा असतोच. बायकांचा बाजारहाट, पाणी, मुलांची शाळा, दवाखाना सगळ्यांतला वेळ वाचू लागला. बससाठी ताटकळणं आणि घरच्या पुरुषाने सोडायची वाट बघणं कमी झालं.

दुसरं उदाहरण बिहारचं. २००६ मध्ये तिथल्या सरकारने नववीच्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत मुलींचा प्रवेश सुमारे ३२ टक्क्यांनी वाढला आणि मुलगे-मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी घटली. शाळा जितकी लांब, तितका फायदा जास्त. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून २३ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. तुमचा तालुका त्यात असेल तर शाळेत चौकशी करा. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या मान देशी संस्थेनेही लांबच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळवून दिल्या. ही तीच माणदेशी मंडळी, ज्यांनी १९९७ मध्ये बायकांची सहकारी बँक उभी केली आणि पुढे स्वतःचा सामुदायिक रेडिओही सुरू केला.

आणि मुली तरी किती पुढे गेल्या बघा. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, विशीत, सायकलवर जगप्रवासाला निघाली. १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर चालवून कोलकात्याला पोहोचली. १९२३ साली मुंबईचे तरुण निघाले होते, त्याला तेव्हा शंभर वर्षंही झाली नव्हती.

म्हणजे शाळकरी मुलीला सायकल द्यायला समाज आता तयार आहे. सरकार पैसे देतं, बाप कौतुक करतो, फोटो निघतात. पण बारावी झाली, लग्न झालं की ती सायकल कुठे जाते? आमच्या मैत्रिणीची गेली तशीच, धाकट्या भावाकडे. शिकलेला तोल मात्र अंगात राहतो. वीस वर्षांनीही राहतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

कसं, ते सांगतो. आमची ही वस्ती तशी नवी. १९९० नंतर वसई-विरार पट्ट्यात इमारती उभ्या राहायला लागल्या. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. वसईच्या बागायतीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या भाजी, फुलं, केळी घेऊन लोकलने मुंबई गाठत आल्या आहेत. म्हणजे लांबचा प्रवास आपल्याला नवा नाही. अडतं ते जवळच्या प्रवासात. स्टेशन ते घर, घर ते काम, काम ते शाळा. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी गोखिवरे, सातिवली, वालीव या बाजूंनी येतात. कुणी इथल्या इमारतींत घरकाम करतात, कुणी गाळ्यांत पॅकिंगला जातात. अंतर दोन-चार किलोमीटर. चालायला लांब आणि रिक्षाला महाग. जमीन सपाट, चढ नाही. सायकलसाठी याहून चांगलं अंतर कुठलं?

आम्ही अकराजणींना आठवडाभर फक्त जाण्या-येण्याचा खर्च लिहायला सांगितला. दिवसाला सरासरी चाळीस रुपये निघाले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी हजार रुपये. गटात आपण महिन्याला दोनशे रुपये बचत करतो आणि त्यासाठी किती ओढाताण होते! इकडे हजार रुपये असेच जात होते.

मग सायकली शोधल्या. इथल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये बघा, धूळ खात पडलेल्या सायकली असतात. मुलं मोठी झाली, गाडी आली, सायकल भिंतीला टेकून गंजते. ज्या घरांत आमच्या बायका कामाला जातात, तिथेच त्यांनी विचारलं. काहींनी फुकट दिल्या, काहींनी भंगाराच्या भावात. ट्यूब, ब्रेकची रबरं, चेन, छर्रे बदलून ओव्हरहॉलिंग केलं. एक सायकल साधारण दीड हजाराला तयार झाली. गटातून अंतर्गत कर्ज दिलं, पाच हप्ते. रिक्षाचे पैसे वाचले, त्यातूनच हप्ते फिटले.

शिकायला पहाटे मैदानावर जमायचो. ज्यांना लहानपणी येत होती, त्या दहा मिनिटांत सुटल्या. एक तर एवढी जोरात सुटली की थांबवायची कशी तेच विसरली आणि ओरडत ओरडत दोन फेऱ्या मारून आली. ज्यांना कधीच येत नव्हती, त्यांच्यासाठी एक सोपी रीत सांगतो. सीट एवढं खाली करा की दोन्ही पाय जमिनीवर टेकतील. पायडल काढून टाका. मग बसून पायाने जमीन ढकलत चालवा. आधी तोल येऊ द्या, पायडल नंतर. मागून कुणी धरायची गरज नाही. सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत जमतं. साडी असेल तर पदर खोचून पिन लावा, ओढणी असेल तर कमरेला बांधा. चाकाला जाळी बसवून घ्या.

सगळं गोड झालं असं नाही. एक मैत्रीण कोपऱ्यावर पडली, हात मोडला. घरून ऐकायला मिळालं, "सांगितलं होतं ना!" दीड महिना ती बैठकीलाही आली नाही. तिची बाजू घेऊन भांडायला जावं असं वाटत होतं, पण गेलो ते डबा घेऊन. तिच्या सासूबाईंशी बोललो. रिक्षाही उलटते, माणूस मोरीत पाय घसरूनही पडतो, तेव्हा कुणी मोरी बंद करत नाही, एवढंच म्हणालो. त्या हसल्या. प्लास्टर निघाल्यावर ती पुन्हा आली. अजून मोठ्या रस्त्यावर जात नाही, आतल्या गल्लीतून जाते. जाऊ दे, जाते ना!

दुसरीचं वेगळंच झालं. तिने सायकल नेली आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा रिक्षाने आली. सायकल कुठे? "ह्यांना कामाला लागते." आम्ही गप्प झालो, कारण आमचीच चूक झाली होती. पुदुकोट्टई वाचून काढलं, पण आजींच्या जावयाची सायकल विसरलो. गाडीला आरसी बुक असतं, त्यावर मालकाचं नाव असतं. सायकलला असलं काही नसतं. घरात जो मोठ्याने मागेल त्याची ती होते. मग गटाने ठराव केला की सायकलची नोंद कर्ज रजिस्टरमध्ये बाईच्या नावाने होईल, सायकलवर तिचं नाव रंगवलं जाईल आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला हवी असेल तर त्याने तिला विचारून न्यावी. त्या मैत्रिणीच्या नवऱ्याला बैठकीला बोलावलं. चहा दिला, ठराव वाचून दाखवला. तो म्हणाला, "मला कुठे माहीत होतं ती तिची आहे?" खरं सांगतो, आम्हाला त्याचं बोलणं पटलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आज ती सायकल तिच्याकडे आहे, मागच्या चाकावरच्या पत्र्यावर पिवळ्या रंगात तिचं नाव आहे. रविवारी तो विचारून नेतो.

रस्त्याचा प्रश्न उरतोच. खड्डे, कडेला लावलेल्या गाड्या, उलट्या बाजूने येणाऱ्या मोटरसायकली. पावसाळ्यात इथे पाणी साचतं. तेव्हा सायकल चालवायची नाही, उतरून ढकलत न्यायची, कारण पाण्याखाली खड्डा आहे की उघडं गटार ते दिसत नाही. पण रस्ता कायम असाच राहील असंही नाही. आज नेदरलँड्स म्हणजे हॉलंड देश सायकलींसाठी नावाजला जातो. तिथे आधीपासून सगळं असं नव्हतं. मोटारी वाढल्या आणि १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. मग आई-बाप रस्त्यावर उतरले. मुलांच्या हत्या थांबवा, अशी घोषणा घेऊन त्यांनी रस्ते अडवले, सभा घेतल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातून आणि पुढच्या चळवळींतून सायकलींसाठी वेगळे रस्ते झाले. आज तिथे बायका पुरुषांच्या बरोबरीने, किंबहुना थोड्या जास्तच, सायकल चालवतात. रस्ता चांगला झाला की बायका बाहेर पडतात, आणि बायका बाहेर पडल्या की रस्ता चांगला करा म्हणणारे वाढतात. आमच्या बायकांनीही आता प्रभाग कार्यालयात द्यायचा अर्ज लिहायला घेतलाय. त्यात कुठला खड्डा, कुठल्या दुकानासमोर, किती फूट, हे सगळं लिहिलंय. रोज त्याच रस्त्याने दोन चाकांवर जाणाऱ्या बाईइतकं ते कुणाला माहीत असणार?

तुमच्या गावात रस्ता वेगळा असेल, अंतर वेगळं असेल, घाट असेल, माळ असेल. पण तुमच्याही गटात नऊ हात वर येतील असं आम्हाला वाटतं. म्हणून एक काम देतो. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की तीन प्रश्न विचारा. सायकल कुणाला येते? घरात सायकल कुणाच्या आहे? आणि ती कुणाच्या नावावर? उत्तरं इतिवृत्तात लिहा, तारखेसह. त्यावर लगेच काही करायलाच हवं असं नाही. आमचंही दोन महिने काही झालं नव्हतं. पण आकडा कागदावर आला की तो स्वस्थ बसू देत नाही.

आणि हो, ज्या मैत्रिणीची सायकल लग्नात भावाकडे गेली होती, ती हल्ली सकाळी सहाला आमच्या खिडकीखालून जाते. कामाला जायची घाई असते, तरी दोनदा घंटी वाजवते. आम्ही उठलेलो असतोच, पण तरी खिडकीशी जातो.

चला, आता तुमची भाकरी करपायच्या आत थांबतो. नमस्कार.